गिळलेलं रक्त

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चिंध्यांच्या टोपलीत टाकशील, अशी मला धास्ती आहे. टाकू नकोस. जुनं भांडण उकरायला मी लिहीत नाही. तुझा फोन तुझा मुलगा उचलतो आणि "आई पडलीय जरा" म्हणून ठेवून देतो. म्हणून तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे. तिथे तरी तो फिरकत नसेल.

तुझी सून आमच्या रुग्णालयात आहे. जिवंत आहे. आता पुढचं बसून वाच.

काल सकाळी माझ्या टेबलावर पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या नळ्या आल्या. नळीवरचं नाव मी आधी बघत नाही, आधी सूक्ष्मदर्शकाखालची काच बघते. ही माझी सवय तुला ठाऊक नाही, कारण माझ्या कामाबद्दल तू कधी विचारलंच नाहीस. सोबतच्या कागदावर इतकंच होतं: अंग कोमट, डोकं भयंकर दुखतं, मान ताठ, असंबद्ध बोलते, घरचे म्हणतात ताप डोक्यात गेला. आमच्याकडची नवी डॉक्टर मुलगी सूक्ष्मदर्शकावरून उठून माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, पांढऱ्या पेशी वाढल्यात, पण काही पेशी फार चमत्कारिक आहेत. मोठ्या आहेत, पोटं फुगल्यासारख्या. कर्करोगाच्या तर नाहीत ना?"

मी डोळा लावला. कर्करोग नव्हता. नुसता ताप तर नव्हताच.

तुला समजेल असं सांगते. मेंदूभोवतीचं पाणी नितळ असतं. त्यात रक्त सांडलं, की ते निस्तरायला मोठाल्या पांढऱ्या पेशी धावतात आणि रक्ताच्या तांबड्या पेशी गिळायला लागतात. पाठीत सुई घालताना एखादी बारीक शीर दुखावली आणि रक्त आलं, तर ते नुसतं तरंगत असतं, कोणाच्या पोटात गेलेलं नसतं. गिळायला वेळ लागतो. पचवायला आणखी लागतो. या पोरीच्या पाण्यात काही पेशींच्या पोटात तांबड्या पेशी अख्ख्या होत्या, म्हणजे रक्त नुकतं सांडलेलं. काहींच्या पोटात तपकिरी कण होते. ते पचलेल्या रक्तातलं उरलेलं लोखंड. त्यावर रंग टाकला तेव्हा ते कण निळेशार झाले. ते रक्त बऱ्याच दिवसांपूर्वीचं. आणि एका कोपऱ्यात विटकरी रंगाचे स्फटिक होते. त्यांना तर पंधरवडा उलटून जावा लागतो. आणि हे सगळं एकाच काचेवर, ताई.

मी वॉर्डात फोन करून सांगितलं, "तापाची औषधं थांबवू नका, पण आधी डोकं स्कॅन करा. आत्ताच्या आत्ता."

मग नळी फिरवून नाव वाचलं. आडनाव तुझ्या सासरचं. पत्ता तुझा.

मी काच तिथेच ठेवली आणि आमच्या विभागाच्या साहेबांना म्हटलं, "हे तुम्ही बघा, मी काय बघितलं ते सांगणार नाही आणि पेशंट कोण तेही नाही." त्यांनी बघितलं. माझ्यासारखंच लिहिलं आणि सही केली. उद्या कोणी म्हणायला नको की मावशीनं डूख धरला.

स्कॅनमध्ये कवटीच्या आत दोन्ही बाजूंना रक्त साठलेलं दिसलं. जुन्यावर नवं. मेंदूच्या डॉक्टरांनी दुपारीच कवटीला भोकं पाडली. गाडीचं जुनं तेल काढताना निघतं तसं काळं, पातळ काहीतरी निघालं, मी तिथे उभी होते. ती पोर वाचेल असं म्हणतात.

तू त्याच घरात राहतेस. मधे एक भिंत. काय चाललंय तिथे, ते मला तुझ्या हातानं लिहून कळव.

तुझा मुलगा शाळेत असताना त्यानं शेजाऱ्यांचं मांजराचं पिल्लू गच्चीवरून खाली टाकलं होतं आणि ते मरताना वाकून बघत होता. मी तुला म्हटलं, याला कोणाला तरी दाखव. तू म्हणालीस, "तुला मूल नाही ना, म्हणून माझं डोळ्यात खुपतं." त्यानंतर आपण बोललो नाही. मी आजही तेच म्हणते आहे, फक्त आता मांजर नाही.

तुझी,
धाकटी

९ मार्च

ताई,

चिठ्ठी मिळाली. "न्हाणीघरात घसरली. पहिल्यापासून नाजूकच आहे. तू ताप म्हणून लिही, घरातलं घरात राहील. सोन्या फार घाबरलाय." इतकंच. माझी खुशाली विचारलीस, त्याबद्दल आभार. ती विचारायची होती म्हणून विचारलीस, हेही कळलं.

न्हाणीघरात माणूस एकदा घसरतं. दोनदा घसरेल. पण शस्त्रक्रियेआधी सिस्टरनी तिचे केस उतरवले तेव्हा डोक्याची कातडी कशी होती ते ऐक. कानामागे जुनी खोक, शिवायला हवी होती ती तशीच भरून आलेली. टाळूवर रुपयाएवढी जागा, तिथले केस मुळासकट उपटलेले. पाठीवर भाजल्याची खूण, टोकदार, खाली रुंद होत गेलेली. इस्त्रीचा आकार तुझ्याइतका कोणाला ठाऊक असणार? तू तर आयुष्यभर ती हातात धरली आहेस. बरगड्यांच्या फोटोत दोन ठिकाणी मोडून जुळलेल्या गाठी. न्हाणीघर फारच वाईट आहे तुमचं.

तुझा सोन्या रोज येतो. फळं आणतो. सिस्टरना "काही लागलं तर सांगा" म्हणतो. मला बघून म्हणाला, "मावशी, किती वाळलीस! आपलं माणूस इथे आहे म्हणून मला धीर आहे." गोड बोलतो गं, अगदी लहानपणी बोलायचा तसा. वॉर्डातली एक आजी म्हणाली, नवरा असावा तर असा.

परवा तुझी सून शुद्धीवर आली. तो खोलीत शिरला आणि तिच्या छातीला लावलेल्या यंत्रातली टकटक घोडा उधळावा तशी धावायला लागली. पोर डोळे मिटून निपचित पडली होती, पापणीसुद्धा हलली नाही, फक्त ते यंत्र ओरडत होतं. सिस्टरनी त्याला बाहेर काढलं. टकटक हळूहळू खाली आली. थोड्या वेळानं त्याचं डोकं दारात दिसलं, परत तेच.

मी तिच्या उशाशी बसले. मी कोण ते सांगितलं. ती मला ओळखत नव्हती. लग्नाला तू मला बोलावलं नव्हतंस. तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही त्यांच्या बाजूच्या का?"

मी म्हटलं, "मी काचेच्या बाजूची."

तिला ते कळलं नसणार. पण तिनं माझं बोट धरलं आणि म्हणाली, "मग त्यांना आत सोडू नका."

मेंदूच्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं आहे. त्यांना कळवावंच लागतं. माझा आणि साहेबांचा अहवाल सोबत गेला. मी ताप लिहिलेला नाही.

धाकटी

१७ मार्च

ताई,

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हातानं लिहिते आहे. दोन ओळी लिहायच्या आणि थांबायचं, असं सकाळपासून चाललंय.

शुक्रवारी दुपारी तुझा मुलगा प्रयोगशाळेत आला. पोलीस त्याच्या ऑफिसात जाऊन आले होते, हे मला नंतर कळलं. मी सूक्ष्मदर्शकावर होते. दुसऱ्या टोकाला आमच्या तंत्रज्ञ बाई काचा रंगवत होत्या. त्यानं दार आतून लावलं. हातात काही नव्हतं. सावकाश मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं, बसतोय.

"मावशी, कुठली काच ती?"

"इथे नाही. पोलिसांकडे गेली."

"दुसरी कर. ताप म्हणून लिही."

"नाही होणार."

"आईनं सांगितलं होतं ना तुला?"

मी म्हटलं, "आईनं सांगितलं म्हणून रक्त परत जात नाही."

त्यानं सूक्ष्मदर्शक मानेला धरून उचलला आणि भिंतीवर घातला. काच, पितळ, सगळं माझ्या मांडीवर. मी उठले तशी त्यानं माझी वेणी हाताला गुंडाळली आणि मला नमुन्यांच्या फ्रीजपाशी ओढत नेलं. त्याचं दार जाड, लोखंडी आहे. त्यानं माझा उजवा हात चौकटीवर ठेवला आणि दार लावलं. हात आत होता, म्हणून ते लागेना. मग उघडलं आणि परत लावलं, अंगाचा भार देऊन. हाडं मोडताना आवाज येतो, ताई. ओल्या काटक्या मोडाव्यात तसा. ओरडणारी मी आहे, हे मला उशिरा कळलं.

तो मात्र ओरडत नव्हता. माझ्या कानाशी वाकून लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "लिहितेस ना? लिही आता."

तेवढ्यात तंत्रज्ञ बाईंनी रंगाची बरणी त्याच्या तोंडावर रिकामी केली. ती बाई कधी चढ्या आवाजात बोललेली मी ऐकली नाही. डोळ्यांत रंग गेल्यावर तो गुरासारखा हंबरला, दार चाचपडत उघडलं आणि पळाला. फाटकापर्यंत गेला. तिथल्या रखवालदाराला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "निळ्या तोंडाचा माणूस धर." असे फारसे नसतात. धरला.

तो रंग कातडीवरून लवकर उतरत नाही. कोठडीत तो निळाच बसला असेल. मला हसू येतं आणि हसलं की हात ठणकतो.

मनगट आणि तीन बोटं मोडली. खिळे घातलेत. बारीक काम परत जमेल का, डॉक्टर सांगत नाहीत. मी डॉक्टर असून विचारत नाही.

वरचं सगळं परत वाचलं. घड्याळाचं लिहिलंय. ते मी पोलिसांना सांगायला विसरले होते.

धाकटी

३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. "तुझा हात बरा होईल. त्याची नोकरी गेली, अब्रू गेली, ती कुठून येणार? तक्रार मागे घे. मी तुझ्यापुढे पदर पसरते." मी ते पोरीला वाचून दाखवलं नाही.

तो जामिनावर सुटलाय हे कळलं. म्हणजे आता त्या घरात तू आणि तो, दोघंच. तिसरं कोणी मारायला उरलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?

पोर माझ्याकडे आहे. तिला माहेर म्हणावं असं कोणी नाही, एक चुलते आहेत, ते म्हणाले, "नवरा-बायकोच्या मधे आम्ही नाही पडत." माझी आतली एक खोली तिला दिली. मला एका हातानं भाजी चिरता येत नाही आणि तिला वाकलं की घेरी येते. त्यामुळे ती बसून चिरते, मी उभी राहून फोडणी देते. दोघी मिळून एक बाई होते कशीबशी.

तिनं मला सांगितलं. मी तिला विचारलं नव्हतं. भांडी पुसता पुसता सांगायला लागली. पहिली थप्पड लग्नानंतर लगेच, टॉवेल जागेवर नव्हता म्हणून. तेव्हा गालावर वळ उठला आणि शेजारणीनं विचारलं. त्यानंतर त्यानं तोंडावर कधी मारलं नाही. डोकं धरून भिंतीवर आपटायचं. "केसांत दिसत नाही ना, मावशी," ती म्हणाली. आधी घड्याळ काढून ठेवायचा. तिला आवाजावरून कळायचं. टेबलावर घड्याळ ठेवल्याचा तो बारीक आवाज आला की ती आपणहून भिंतीपासून लांब जाऊन उभी राहायची. मग तिला परत भिंतीपाशी नेण्यात त्याचा वेळ जायचा, त्याचा राग वेगळा. एकदा उलट्या व्हायला लागल्या, एकाचे दोन दिसायला लागले. तेव्हा तो घाबरला आणि काही दिवस फुलासारखं जपलं. बरं वाटलं, परत घड्याळ. शेवटी ती बरळायला लागली तेव्हा कुठे उचलून आणलं.

मी विचारलं, "माझी ताई कुठे असायची तेव्हा?"

तिनं पुसलेली ताटली पुन्हा पुसायला घेतली. "ते त्यांनाच विचारा."

म्हणून विचारते आहे.

एक गोष्ट नीट समजून घे. त्याचा वकील मला कोर्टात उभी करणार आणि मी खरं तेच सांगणार. माझ्या काचेवरच्या पेशी 'कधी' ते सांगतात. 'कोणी' ते सांगत नाहीत. डोक्यात एकदा साठलेलं रक्त आपोआपही पुन्हा झिरपू शकतं. कोणी हात न लावता. वकिलानं विचारलं तर मला "हो" म्हणावं लागेल. पोर सांगेल, पण तिच्या मेंदूला मार आहे, तिला आठवण धड नाही, असं ते म्हणतील. 'कोणी' हे सांगणारं दुसरं माणूस जगात एकच आहे आणि ते सध्या कोणाच्या तरी सदऱ्याला काजं करत बसलंय.

तू इथे ये. एकटी ये. माझा नवा पत्ता खाली देते, पिवळी इमारत, दुसरा जिना, वर सुतार राहतो. तो पत्ता फक्त तुझ्यासाठी आहे.

धाकटी

१२ एप्रिल

आलीस.

पण एकटी नाही आलीस.

मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. बेल वाजली. पोर दारापाशी गेली, साखळी काढली नाही, विचारलं, "कोण?" आणि तुझा आवाज आला. "मी आहे गं बाळा. उघड. एकटीच आहे."

गेल्या किती तरी महिन्यांत तिला कोणी बाळा म्हटलं नसेल. तिनं साखळी काढली.

तू म्हणशील, पुढचं तू बघितलंस. नाही बघितलंस. तू जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी होतीस, मी बाहेर आले तेव्हा मला तुझी पाठ दिसली. म्हणून सांगते.

त्यानं तिला घरात मारलं नाही. टाक्यांवर नुकतेच केस उगवत होते, धरायला काही नव्हतं, म्हणून त्यानं तिला कानाला आणि मानेला धरून बाहेर ओढलं. "घरी चल. आईसमोर चल. बघ, आई न्यायला आलीय." ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून होती. तो तिच्या बोटांवर बुटानं मारत होता, एकेका बोटावर, ती सुटेपर्यंत. ती सुटली. तीन पायऱ्या खाली गेली, पाठीवर. त्यानं तिचं डोकं वर उचललं, ताई. पायरीवर आपटायला. त्या डोक्याला भोकं आहेत, हे त्याला माहीत आहे. त्याच्या सहीनं पाडली आहेत.

माझ्याकडे एकच हात. मी त्याच्या पाठीवर पडले आणि त्याच्या दंडाला चावले. जीव खाऊन चावले, तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्यानं मला कोपरानं मारलं, माझे पुढचे दात हलले, खिळे घातलेला हात भिंतीवर आपटला. मी सोडलं नाही. तोपर्यंत वरचा सुतार धावत खाली आला होता. हातात लाकडी हातोडा होता. त्यानं काही विचारलं नाही. एकच घाव, गुडघ्यावर. तुझा मुलगा मटकन खाली बसला आणि "आई गं" म्हणून ओरडला.

ती हाक ऐकून तू वळलीस. त्या दुपारी पहिल्यांदा. आणि पोरीच्या अंगावरून ओलांडून त्याच्याकडे गेलीस.

पोर वाचली. पुन्हा स्कॅन झालं, नवं रक्त नाही. दोन बोटं मोडली. तिचा जामिनावरचा नवरा आता जामिनावर नाही.

मी तुझ्यावर हात उचलला नाही, कारण माझा हात उचलत नाही. नाहीतर उचलला असता. तू त्याची आई आहेस, हे मला समजतं. पण "बाळा" म्हणून दार उघडवलंस, हे समजत नाही. यापुढे लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.

३० ऑगस्ट

ताई,

लिहिणार नाही म्हटलं होतं. आज लिहिते आहे. हात आता इतपत चालतो.

त्याच्या वकिलानं तुला त्यांच्या बाजूनं बोलावलंय, हे कळलं तेव्हा मी पोरीला म्हटलं, तू त्या दिवशी कोर्टात येऊ नकोस. ती आली. माझ्या डाव्या बाजूला बसली.

माझी उलटतपासणी तुझ्या आधी झाली. तू बाहेर बाकावर होतीस, म्हणून तुला ती माहीत नाही. प्रयोगशाळेचा आणि जिन्याचा खटला वेगळा, हा आधीच्या मारहाणीचा. वकील हुशार होता. मला म्हणाला, "डॉक्टर, या पेशींच्या अंगावर मारणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं का?" मी म्हटलं, नाही. "एकदा पडल्यानं साठलेलं रक्त आपोआप पुन्हा झिरपू शकतं का?" मी म्हटलं, शकतं. "म्हणजे एकदाच, न्हाणीघरात पडल्यानंही हे सगळं दिसू शकतं?" मी म्हटलं, "नुसती ती काच बघितली तर नाकारता येणार नाही." पोरीनं मान खाली घातली. पाठीवरची खूण, बरगड्या, सगळं त्यानं एकेक करून असंच पुसलं. स्वयंपाकघरातला अपघात. जुनं पडणं. तुझा मुलगा पिंजऱ्यात इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. सदरा तू शिवलेला होता, तुझी कॉलर मी कुठेही ओळखते.

मग तू आलीस. इतकी वाळलीस की मी आधी ओळखलं नाही. डावा कान पुढे करून ऐकत होतीस, उजव्यानं ऐकू येत नाही हे मला तेव्हा कळलं. तो कान कसा गेला ते कोणी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

वकील म्हणाला, "आई, त्या दिवशी सून न्हाणीघरात घसरली, ते सांगा."

तू म्हणालीस, "कुठल्या दिवशी?"

"ज्या दिवशी डोक्याला लागलं."

"ते खूप दिवस आहेत. कुठला सांगू?"

वकिलानं कागद खाली ठेवले. म्हणाला, या साक्षीदार गोंधळल्या आहेत. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या."

आणि तू बोललीस. कोणाकडे न बघता, समोरच्या लाकडाकडे बघत, माप सांगावं तसं. "मला तारखा आठवत नाहीत. मी काय शिवत होते ते आठवतं. शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते तेव्हा पहिल्यांदा भिंतीवर आपटलं. पडदे शिवत होते तेव्हा दोनदा. एका डॉक्टरीणबाईचा पांढरा कोट शिवत होते तेव्हा ती ओकली आणि तिला दोन दोन दिसायला लागलं. तो कोट दिल्यावर परत." वकील मधे उठला. तू थांबली नाहीस. "भिंतीपलीकडे माझं मशीन आहे. तिकडे सुरू झालं की मी मशीन चालवायचे. जोरात. आवाज झाकायला. सुईत दोरा नसायचा."



न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मारायचं कोण?"

तू पहिल्यांदा मान वर करून पिंजऱ्याकडे बघितलंस. "माझा मुलगा. सोन्या."

मग तो ओरडला. इतके महिने जपलेलं सगळं सोंग गळून पडलं. "म्हातारे, घरी चल, दुसराही कान फोडतो!" भर कोर्टात, न्यायाधीशांसमोर. दोन पोलिसांनी धरलं तरी पिंजऱ्याच्या गजांवर डोकं आपटत होता, स्वतःचं. सगळ्यांनी बघितलं. वकिलानं चष्मा काढला आणि पुसत बसला.

तू खाली उतरलीस आणि मागच्या दारानं गेलीस. मी जिन्यापर्यंत धावले, तू दिसली नाहीस. जलदगती कोर्ट म्हणून निकालही लवकर लागला, त्या दिवशीही तू नव्हतीस. म्हणून कळवते: शिक्षा झाली. बरीच वर्षं. निकाल वाचताना त्यांनी माझा अहवाल एका ओळीत घेतला आणि तुझं बोलणं दोन पानांत. असंच व्हायला हवं होतं. पोर निकाल ऐकून रडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला भूक लागलीय." आम्ही रस्त्यावर उभ्या राहून खाल्लं.

तू घरी राहत नाहीस, दुकानातच शटर ओढून झोपतेस, असं तुझ्या शेजारच्या चांभारानं सांगितलं. मी आज सकाळी येऊन गेले, तू माल आणायला गेली होतीस. आत गाद्यांच्या कापडाच्या गठ्ठ्यावर उशी बघितली.

मी पोरीला विचारलं. माझं घर आहे, पण ते आता तिचंही आहे, तिला न विचारता मी तुला बोलावणार नव्हते. सरळ सांगितलं, "नाही म्हणालीस तर विषय संपला."

ती खिडकीत उभी होती. मोडलेली बोटं अजून सरळ होत नाहीत, ती दुसऱ्या हातानं चोळत होती.

मग म्हणाली, "दार मी उघडणार नाही. तुम्ही उघडा."

"बरं."

"मला बाळा म्हणायचं नाही."

"सांगते तिला."

"आणि मावशी, त्या आल्या की मी माझ्या खोलीला आतून कडी लावून झोपणार. रोज. त्यांना वाईट वाटलं तरी."

मी म्हटलं, "वाटू दे."

तशी ती आत गेली आणि कपाटातून जास्तीची चादर काढून बाहेरच्या कोचावर ठेवली. मग काहीतरी आठवल्यासारखी परत आली, उशी उचलली आणि कोचाच्या दुसऱ्या टोकाला लावली. मला म्हणाली, "इकडे डोकं केलं तर त्यांचा चांगला कान वर राहील. मी हाक मारली, तर त्यांना ऐकू यायला हवं."

ये, ताई.

धाकटी